हिंगोलीची बाजारपेठ कशी सुधारावी : नवशिक्यांसाठी

आधी एक पक्के करा. तुम्हाला बाजार सुधारायचा आहे की बाजाराची जागा? निधी सहसा जागेला मिळतो, कारण जागेवर कोनशिला बसते. मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईसमोर फीत कापायला कोण येणार? तेव्हा आठवडी बाजाराच्या मैदानात व्यापारी संकुल मागा. सोबत पेव्हर ब्लॉक, हायमास्ट आणि स्वागतकमान जोडा. गाळ्यांच्या लिलावात अनामत अशी ठेवा, की जो ती भरू शकेल त्याला गाळ्याची गरजच पडू नये. बंद शटरपुढच्या सावलीत टपऱ्या आपोआप लागतात. त्यांना अतिक्रमण म्हणायचे.

आता स्वतःच्या धंद्याचे. तुम्ही वसमतचे असाल तर हळदपूड काढण्याचा विचार मनात आलाच असेल. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पोती सांगलीकडे जातात आणि पुड्या आपल्याच किराणा दुकानात येतात. मग प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना धरा. अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये. नवशिके या वाक्यावर थांबतात आणि पेढे वाटतात. पुढे वाचा. तुमचा हिस्सा किमान १० टक्के, बाकी बँकेचे कर्ज; म्हणजे बँक हो म्हणाली तरच अनुदान. तेही हातात येत नाही. कर्जाला जोडलेल्या वेगळ्या खात्यात पडते आणि ३ वर्षे तिथेच राहते. तोवर हप्ते वेळेवर गेले आणि चक्की फिरत राहिली, तर कर्जात वळते होते. भाव कोसळून हप्ते थकले, म्हणजे मदतीची खरी गरज पडली, की हिशेब संपला. योजना वाईट नाही, चालत्याला ती चांगला हात देते. पडलेल्याला उचलणे मात्र नियमात बसत नाही.

प्रकल्प अहवालात पहिल्याच वर्षी नफा दाखवा. तोटा टाइप करून देणारा अजून जन्मायचा आहे.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाल्यापासून सरकारी कचेऱ्यांच्या चकरा जवळच्या झाल्या, कमी झाल्या नाहीत. पण धीर धरा. औंढ्याजवळच्या लायगो वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले आहेत. कुठल्या कुठे दोन कृष्णविवरे आदळली, तर त्याची अणूहूनही बारीक थरथर ती टिपणार. बँकेच्या शाखेतली तुमची फाइल हलली का, हे तेव्हा तिथेच विचारता येईल.

हातगाडी असेल तर पीएम स्वनिधी योजना धरा. पहिले कर्ज १५ हजार, ते फेडले की २५, मग ५०; तारण नको. फक्त नगरपालिकेचे विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र आणा. हो, तीच नगरपालिका, जिच्या दप्तरी तुम्ही मघाशी अतिक्रमण होतात.

शेवटी एक धोक्याची सूचना. दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते. दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. पाळणे, भांडी, खेळणी, भजी. खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो आणि फुगेवाल्याचाही गल्ला भरतो. तिथे ना गाळे, ना कमान. संकुलाच्या प्रस्तावात याचा उल्लेख टाळा, तांत्रिक मान्यता अडकते.