भुशाची शिंक

नागपूरच्या लकडगंजात शिंका कोणी मोजत नाही. सकाळी आरा मशीन सुरू झाली की सागाचा भुसा उडतो, समोरच्या टपरीवर उतरतो, चहात पडतो, मिशीत अडकतो आणि मग नाकात जातो. चार माणसं लागोपाठ शिंकली तरी पाचवा पेपरातून डोकं वर काढत नाही. शिंक आली की निघायचं थांबायचं, हा शकुन आम्ही पाळला असता तर या वस्तीतून एकही ट्रक वेळेवर सुटला नसता.

पण गेल्या हप्त्यात त्याच टपरीवर मी शिंकलो आणि बाजूचा गृहस्थ कप घेऊन दोन हात सरकला.

‘फ्लू सुरू हाय म्हणते भाऊ.’

‘भुसा आहे हो,’ मी म्हणालो.

‘सगळे तेच म्हणते.’

या तीन शब्दांनी मला उचलून थेट २००९ च्या ऑगस्टात नेऊन टाकलं.

जागतिक आरोग्य संघटनेनं स्वाइन फ्लूला जागतिक साथ म्हणून जाहीर केलं ते ११ जूनला. लकडगंजात त्याची दखल कोणी घेतली नाही. जूनमध्ये नागपूरकर फक्त आभाळाकडे बघतो. ३ ऑगस्टला पुण्यात एक शाळकरी मुलगी दगावली, देशातला पहिला बळी, आणि मग टीव्हीनं जो गळा काढला तो महिनाभर थांबला नाही. पुण्या-मुंबईच्या शाळा बंद, सिनेमे बंद. आमच्या पानठेल्यावरची पहिली प्रतिक्रिया मात्र भीतीची नव्हती, विदर्भाच्या अनुशेषाची होती. ‘पाहा, साथ बी पहिले तिकडंच देल्ली. आपल्याले उरलीसुरली.’ दुसरा म्हणाला, ‘मिहान प्रकल्प येईल तवा येईल, हे तरी टायमावर येऊ द्या.’

त्यावर कळस म्हणजे तपासणी. त्या दिवसांत घशाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जायचे. म्हणजे नागपूरकराला झालंय ते साधं पडसं की स्वाइन फ्लू, हे पुणं ठरवणार! विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात काय काय लिहून घेतलं होतं, पण हे कलम तेव्हाच्या आपल्या पुढाऱ्यांनाही सुचलं नसावं.

मग मास्क आले. तोंड कसं बांधावं हे नागपूरला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायचा क्लास लावण्यासारखं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा सेंट्रल अव्हेन्यूवरून जाणारी अर्धी नागपूरनगरी दुपट्ट्यात गुंडाळलेली असते. स्वतःची बायको सिग्नलला शेजारी उभी असली तरी गाडीच्या नंबरावरून ओळखावी लागते. आरा मशीनवरचा माणूस तर बारा महिने शेल्याआड. पण शेला घरचा असतो, त्याला नंबर नसतो. एन-९५ ला नंबर होता. ज्याला नंबर असतो ते औषधी, एवढं विज्ञान आम्हाला पाठ आहे. त्या महिन्यात मी एका सद्गृहस्थाला मास्क गळ्यात लटकवून, खर्रा चघळत, बाजूच्याला स्वाइन फ्लूची लक्षणं समजावून सांगताना पाहिलं. खर्ऱ्यासाठी मास्क खाली आणि बोलण्यासाठीही खाली. वर तो फक्त फोटोपुरता जायचा.

ज्यांना मास्क परवडला नाही त्यांनी कापूर आणि वेलचीची पुरचुंडी गळ्यात बांधली. रुमालावर नीलगिरीचे थेंब पडले. शहर बसमध्ये चढलं की देवघरात शिरल्यासारखं वाटायचं, फक्त देव तेवढे एकमेकांपासून तोंड फिरवून बसलेले.

आणि बाद्यान! टॅमीफ्लू हे औषध ज्या शिकिमिक आम्लापासून बनतं ते बाद्यानातून, म्हणजे चक्रीफुलातून काढतात, ही बातमी कोणीतरी वाचली. बातमी खरीच होती. पण आपल्याकडे बातमी इतवारीच्या किराणा ओळीतून गेली की तिला फोडणी बसते. ‘सावजी रश्श्यात बाद्यान असतेच ना बे! म्हणजे आपण लहानपणापासून टॅमीफ्लूच पिऊन राहिलो.’ शिकिमिक आम्लापासून औषधाच्या गोळीपर्यंत रसायनशाळेतल्या बऱ्याच पायऱ्या असतात, नुसतं बाद्यान चावून फक्त तोंडाला वास येतो, हे सांगणाऱ्याला त्या टेबलावर पाण्याचाही ग्लास मिळाला नाही. एक मात्र मान्य करतो. सावजीनंतर जे नाक वाहतं त्याच्यापुढे कोणताही विषाणू बापडा लाजतो.

खरी गंमत डुकरांची झाली. आजाराच्या नावात डुक्कर आलं आणि नाग नदीच्या काठानं पिढ्यान् पिढ्या लोळणाऱ्या जिवांकडे लोक संशयानं बघू लागले. हा ताप माणसाकडून माणसाला, खोकल्या-शिंकेतून लागतो, हे डॉक्टर घसा फोडून सांगत होते. पण ज्याच्याबरोबर रोज पत्ते कुटतो त्याला विषाणू म्हणायचं की नालीतल्या डुकराला? डुक्कर सोयीचं. यावरून एकट्या आपल्यालाच हसायचं कारण नाही. इजिप्तच्या सरकारनं त्याच वर्षी, देशात एकही रुग्ण नसताना, सुमारे ३ लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. कैरोचा ओला कचरा हीच डुकरं खायची. पुढं रस्त्यावर कचऱ्याचे ढीग लागले, तेव्हा सरकारला आपल्या सफाई खात्यात किती चारपायी कर्मचारी होते ते कळलं.

हसण्यासारखं एवढंच. आता त्या ‘भुशा’कडे येतो.

२००९ मध्येच एका आरा मशीनच्या फाटकाशी मी रोज सकाळी दहा मिनिटं उभा असायचो, घरच्या दाराच्या चौकटी तिथं कापायला टाकल्या होत्या म्हणून. फाटकाशी मुनीमजी खुर्ची टाकून बसलेले. तोंडाला दोन मास्क, एकावर एक. समोर हमालांची ओळ. मुनीमजींना मालकानं एकच प्रश्न शिकवलेला: सर्दी-खोकला है क्या? आणि ओळीतला प्रत्येक माणूस मान हलवून नाही म्हणायचा. एक जण नाही म्हणता म्हणताच शिंकला. एकदा नाही, तीनदा. डोळे लाल, अंगावर घोंगडीसारखा शेला, ऑगस्टच्या उकाड्यात. मुनीमजींनी खुर्ची मागं घेतली.

‘भुसा है सेठ,’ तो म्हणाला.

मशीन अजून सुरूही झाली नव्हती.

मुनीमजींनी मशीनकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि हजेरीत नाव लिहिलं. माणूस वाईट नव्हता. ट्रक उतरवायचा होता.

दुपारी तोच हमाल टपरीवर भेटला. मी शहाणपणानं म्हणालो, अरे, मेयो हॉस्पिटल किती दूर आहे, दाखवून का येत नाहीस? त्यानं चहा फुंकत माझ्याकडे पाहिलं. ‘दाखवलं ना भाऊ. डॉक्टर म्हणे, तपासाची गरज नाई, गोळ्या घे अन् सात दिवस घरी राय.’ डॉक्टर चुकला नव्हता. सौम्य ताप असेल तर तपासणी नको, घरीच थांबा, लोकांत मिसळू नका, हीच त्या वेळची सरकारी सूचना होती आणि ती योग्यच होती. ‘मग?’ मी विचारलं.

‘मंग का? सर्दी म्हटली का सात रोजी गेल्या. भुसा म्हटलं का चहा भेटते.’

त्या पावसाळ्यात लकडगंजात फ्लू कोणाला झाला, याचा हिशेब मी माझ्यापुरता करून ठेवला आहे. ज्यांना घरी बसून पगार होता त्यांना फ्लू झाला. उरलेल्यांना भुसा झाला.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका या तापाला फ्लू म्हणत नसत. त्यांचा शब्द मानमोडी. १९१८ च्या फ्लूच्या साथीतला. त्या वर्षीच्या शरदात मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला जो फटका बसला तसा देशात फार थोड्या मुलखांना बसला. १९२१ च्या शिरगणतीत भारताची माणसं १९११ पेक्षा कमी भरली. असं पुन्हा कधी झालेलं नाही. सरणाला लाकूड पुरेना म्हणून ठिकठिकाणी प्रेतं नदीत सोडली गेली, हे तेव्हाच्या सरकारी कागदांत नोंदलेलं आहे. लाकडाच्या वस्तीत राहणाऱ्यानं हे वाक्य एकदा वाचलं की टालासमोरून जाताना रचलेल्या ओंडक्यांकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. गंगाबाई घाटाचं स्मशान इथून हाकेच्या अंतरावर आहे.

पण नागपूर रडत बसणाऱ्यांतलं नाही. २००९ मध्ये साथ ऐन भरात असताना २० ऑगस्टला पोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. रोगराई घेऊन जा गे मारबत, म्हणून घसा ताणत लोक इतवारीच्या गल्ल्यांत खांद्याला खांदा लावून उभे. रोगाला हाकलायला एवढी गर्दी जमली की रोगालाच बाहेर पडायला वाट सापडू नये. (मीही होतो. पुरचुंडी खिशात होती.) अकरा वर्षांनी कोरोनात ती मिरवणूक निघाली नाही, तेव्हा जुने लोक घराच्या ओट्यावर बसून हळहळले: आता हे घेऊन जाणार कोण?

मारबत काय काय नेते माहीत नाही. २००९ चा विषाणू तर कुठं गेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १० ऑगस्ट २०१० ला साथ संपल्याचं सांगितलं, तेवढ्यानं तो नेहमीच्या मोसमी तापांच्या पंगतीत जाऊन बसला. दरवर्षी येतो, पाहुणचार घेतो, २०१५ सारख्या एखाद्या वर्षी जास्तच दिवस राहतो.

तर टपरीवरच्या त्या गृहस्थांना कळवायचं आहे की माझी शिंक खरोखर भुशाचीच होती. आणि आरा मशीनच्या मालकांना एक विनंती. फाटकावर ‘सर्दी है क्या’ हे विचारायचंच असेल तर त्याच दमात ‘रोजी नहीं कटेगी’ हेही सांगून बघा. एका सकाळपुरतं. मग कितीजण भुसा म्हणतात ते मोजा.