पापलेटचा पासपोर्ट

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून मान वर केली की वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा दिसतो. जगाशी व्यापार तिथे वातानुकूलित असतो. खाली त्याला वास येतो.

युरोपला समुद्रातली मासळी पाठवायची तर 2010 पासून पकड प्रमाणपत्र लागतं: कोणत्या बोटीने, कुठे, कधी धरली. पापलेटची सही तेवढी अजून मागत नाहीत. अमेरिकेचा हट्ट निराळा. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासवाला सुटायला वाट हवी. ती नाही, म्हणून आपली समुद्रातली कोळंबी तिथे काही वर्षं बंद, तळ्यातली चालू. कासव तळ्यात पोहायला येत नाही, एवढा अभ्यास वॉशिंग्टनचा पक्का. मुशीचे पर बाहेर पाठवायला 2015 मध्ये आपल्याच सरकारने बंदी घातली. बाकीच्या मुशीचं कालवण करायला हरकत नाही. देशाबाहेर जायची मनाई तेवढी परांना.

आयातीची गोष्ट वेगळी. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री याच किनाऱ्याला दहशतवाद्यांची रबरी होडी लागली. जपानी इंजिन, जीपीएस, उपग्रह फोन: सगळं मच्छीमारालाही उपयोगी पडावं असं सामान, ज्याला निर्यात नियंत्रणवाले ‘दुहेरी वापराचं’ म्हणतात. सोबत बंदुका. एकही प्रमाणपत्र नव्हतं. हटकलं ते कोळ्यांनी.

मग यंत्रणा खडबडून जागी झाली. बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोटींना रंग ठरले, आणि कोण, कुठले, कशाला निघालात, हे ज्यांनी हटकलं होतं त्यांनाच विचारायला सुरुवात झाली.