आठ इंच

मध्यमवर्गीय माणसाला घर लहान पडायला लागलं की तो मोठं घर घेत नाही, फर्निचरवर फर्निचर चढवतो. कपाटावर लॉफ्ट, लॉफ्टवर बॅगा, बॅगांवर 2018 च्या बंदीपासून वापरताही येत नाही आणि टाकवतही नाही असं गणपतीच्या मखराचं थर्माकोल. आमच्या डोंबिवलीच्या टू बीएचकेत वर चढवण्याजोगं जे जे होतं ते चढवून झालं होतं. उरली होती फक्त मुलं.

मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच. दोघांची मिळून जी खोली आहे ती बिल्डरच्या नकाशात 10 बाय 10 आहे. टेप लावली की 9 फूट 4 इंच भरते. उरलेले आठ इंच कुठे गेले, असं ताबा घेताना विचारलं तेव्हा ‘गिलाव्यात’ असं उत्तर मिळालं होतं आणि मला ते पटलंही होतं. या खोलीत दोन सिंगल पलंग टाकले की चालायला जागा उरत नाही, एकच डबल टाकला की रात्रभर लाथाळी. तेव्हा बंक बेड घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बायको ‘बघ बाबा’ म्हणाली, तो मी होकार धरला.

बेड यायच्या आधी भांडण आलं. ‘वरचा माझा!’ आपल्या मुलांचं बंक बेडचं सगळं शिक्षण रेल्वेच्या स्लीपर डब्यात झालेलं असतं. खालचा बर्थ म्हणजे सगळ्यांची बूड टेकायची जागा. मधला रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्यापुरताच आपला. वरचा मात्र ज्याला मिळाला तो मडगाव येईपर्यंत राजा. माझ्या बाजूने एकच गोष्ट होती. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बेडवर झोपवू नये, यावर जाणकारांचं एकमत आहे. हे मी धाकट्याला शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं.

‘मी सहाचा कधी होणार?’

‘फेब्रुवारीत.’

‘मग फेब्रुवारीत ताई खाली.’

वहीच्या पानावर करार झाला. ताईने सही केली, धाकट्याने टोमॅटो सॉसमध्ये बुडवून अंगठा उठवला. ते पान अजून फ्रीजवर आहे.

कुठलीही वस्तू घेण्याआधी मी त्या विषयाचा अभ्यास करतो. बायकोच्या मते हा आजार आहे. मिक्सर घेताना मी मोटरचे वॅट पाठ केले होते. चटणी अजून भरडच होते, तो भाग वेगळा. बंक बेडच्या बाबतीत थेट अमेरिकेपर्यंत गेलो. तिथे 1999 च्या डिसेंबरात सरकारने याचे सक्तीचे नियम केले आणि 2000 च्या जूनपासून लागू केले. वरच्या बेडला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. भिंतीच्या बाजूलाही, आणि तो सलग, मधे फट न सोडता. मला आधी हे अतिशहाणपणाचं वाटलं. भिंत असताना कठडा कशाला? पण झोपेत लोळणारं मूल गादी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत घसरून अडकतं, म्हणून. कठड्याचा माथा गादीच्या वर किमान पाच इंच हवा. आणि दांड्यांमधली मोकळी जागा साडेतीन इंचांहून कमी, कारण त्याहून मोठ्या फटीतून मुलाचं धड पाय पुढे करून निसटू शकतं आणि डोकं मात्र आतच अडकतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून मी पुठ्ठ्याचा साडेतीन इंचांचा ठोकळा कापला.

हा ठोकळा खिशात घालून आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. तिथे गेल्यावर कळलं की मुलांना झोपवणं हा बंक बेडचा अगदीच दुय्यम उपयोग आहे. एक बेड डबल डेकर बसच्या आकाराचा होता. एक राजवाडा होता, त्याला बुरूज होते. एकाला वरून खाली घसरगुंडी होती आणि किंमत ऐकून घसरायला बेडची गरज उरत नव्हती. मुलं हरवली. मी ठोकळा काढला आणि एकेका कठड्याच्या फटीत घालून बघायला लागलो. बुरुजांमधून तो आरपार गेला. बसच्या खिडक्यांमधून तर मीसुद्धा गेलो असतो.

शेठ बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाले, ‘साहेब, महापालिकेकडनं?’

मी म्हटलं, नाही, गिऱ्हाईक. ते स्पष्ट निराश झाले. महापालिकेच्या माणसाला काय द्यायचं ते त्यांना ठाऊक होतं. मी आणखी ज्ञान पाजळलं. आपल्याकडेही बंक बेडसाठी भारतीय मानक आहे, 2022 चं, आयएस 17636. त्याप्रमाणे आहे का हा माल? शेठ म्हणाले, ‘आयएसआय तो कुकर पे आता है साहब. ये तो शीशम है.’ आणि शीशम असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी कारागिराला वरच्या बेडवर उड्या मारायला लावल्या. तो बिचारा जेवत होता. हातातली पोळी तशीच घेऊन वर गेला, उड्या मारल्या, खाली उतरून पुन्हा जेवायला बसला. बेड हलला नाही. बायको म्हणाली, ‘हाच घे. उरलेला पुठ्ठा घरी कापत बस.’

कठडा बारा इंचांचा होता. पाच इंच वर राहायला हवेत म्हणजे गादीला सात इंच, असा हिशोब मी जमवला होता. हा हिशोब माझ्या आईला कुणी सांगितला नव्हता. नातवंडं ‘त्या स्पंजावर’ झोपणार हे तिला मान्य नव्हतं. तिने गादीवाल्याला बोलावून समोर बसून कापूस पिंजून घेतला आणि गादी भरून घेतली. ‘भरपूर घाल रे, लेकरांना टोचायला नको.’ नवी गादी नऊ इंच फुगलेली आली. तीन इंच कठडा उरला. म्हणजे मुलगी जितकी आरामात झोपणार तितकी ती खाली पडायच्या जवळ. मी आईला अमेरिकेचा नियम समजावून सांगितला. ती म्हणाली, ‘त्यांच्याकडे कापूस कुठे असतो?’ यावर मी कापूस उत्पादनाचे आकडे काढायला बसणार होतो, पण बायकोने खांद्यावर हात ठेवला. शेवटी नवी गादी खाली गेली. वर चार इंचांची फोमची आली आणि आई तिच्याशी अजून बोलत नाही.

आमचे सासरे रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झाले. डबे दुरुस्त करण्यात हयात गेली. बेड आला त्या दिवशी ते मुद्दाम बदलापूरहून आले, चहाही न घेता आडवे झाले आणि खालच्या बेडच्या पट्ट्या मोजू लागले. प्रत्येक जोडाला बोटाने टकटक केली. दोन ठिकाणी नुसते लाकडी स्क्रू होते, तिथे त्यांनी आरपार नटबोल्ट घालायला लावले. म्हणाले, ‘लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. दर सहा महिन्यांनी आवळत जा, जावईबापू. बर्थ एका दिवसात पडत नाही. महिनाभर आधी कुरकुरतो, पण ऐकतो कोण?’ मी मान डोलावली. मग ते उभे राहिले, वर बघितलं आणि म्हणाले, ‘आणि हे काय?’

हे म्हणजे पंखा.

मी अमेरिकेचे नियम वाचले होते, युरोपचे चाळले होते. त्यांत गादी होती, कठडा होता, शिडी होती, पडद्याची दोरी होती. ज्या देशात मे महिना असतो तिथे बंक बेड कसा लावायचा, हा प्रश्न ज्यांच्याकडे मे महिना नसतो त्यांनी कसा सोडवावा? सासऱ्यांनी टेप काढली. आमचं छत नऊ फुटांचं. त्यातून हौसेने करून घेतलेल्या पीओपीने सहा इंच खाल्ले. पंख्याची पाती जमिनीपासून साडेसात फुटांवर. वरच्या गादीचा माथा पाच फूट तीन इंच. मुलगी गादीवर उठून बसली की डोकं बरोबर साडेसातला. हात वर केला तर, नको.

‘पण पंखा खोलीच्या मधे आहे आणि बेड भिंतीला आहे,’ मी म्हणालो. इथे मला गणित येतं असं वाटत होतं. सासऱ्यांनी टेप आडवी धरली. खोली 9 फूट 4 इंच, म्हणजे पंख्याचा मध्य भिंतीपासून 56 इंचांवर. अठ्ठेचाळीस इंची पंख्याची पाती मध्यापासून 24 इंच पसरतात. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून 32 इंचांवर. बेड चौकटीसकट 40 इंच रुंद. पातं बेडवर आठ इंच आत येत होतं. गिलाव्यात गेलेले आठ इंच असे परत भेटले.

बेड दुसऱ्या भिंतीला लावावा तर खोली चौकोनी, आठ इंच सगळीकडे सारखेच. शिवाय एका भिंतीला दार, एकीला कपाट, आणि उरलेल्या भिंतीला खिडकी. खिडकीशी वरचा बेड लावणं म्हणजे मुलीला ग्रिलवर चढायला जिना करून देणं. मग पंखा लहान घेऊ म्हणून मी छत्तीस इंची आणला. त्याचं पातं 18 इंच. तरीही दोन इंच आत. इलेक्ट्रिशियनने तो बसवला, माझ्याकडे बघितलं, काढला, आणि दोन्ही कामांचे वेगळे पैसे घेतले. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. शेवटी छताचा पंखा गेला आणि भिंतीवरचा, मान फिरवणारा आला. तो वर धरला की खालचा घामाघूम, खाली धरला की वरची. मान फिरवू दिली की दोघं मिळून ‘आता माझ्याकडे, आता तुझ्याकडे’ असं अकरा वाजेपर्यंत मोजत बसायची.

राहता राहिली चाचणी. बेड मजबूत आहे हे मुलांना पटावं म्हणून मी स्वतः वर चढायचं ठरवलं. कारागिराच्या उड्या माझ्या डोक्यात होत्या. शिडीपाशी बारीक अक्षरात चिठ्ठी होती: वरच्या बेडवर कमाल वजन 80 किलो.

सासऱ्यांनी विचारलं, ‘वजन किती आपलं?’

‘अठ्ठ्याहत्तर.’

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, ‘प्रत्येकी?’

चढलो छान. शिडीच्या गोल दांड्या तळपायात रुततात हे चढताना कळलं. दुकानात मी बूट घालून चढलो होतो. सपाट, रुंद पायऱ्या घ्याव्यात, भले त्या थोडी जागा खावोत, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे. वर जाऊन मी हसून दाखवलं, आडवा होऊन दाखवलं. मग उतरायला निघालो तो जिन्याने उतरतात तसा, तोंड खोलीकडे करून. पहिला पाय दांडीवर पोचला. दुसरा कठड्यात अडकला. माझ्या पुठ्ठ्याच्या ठोकळ्याने ही फट पास केली होती, पण ठोकळ्याला गुडघा नव्हता. मी अधांतरी. मुलगी हसत होती, आई ‘देवा’ म्हणत होती, धाकटा मात्र शांतपणे म्हणाला, ‘बाबा, तुम्ही सहाचे झालात ना?’

सासऱ्यांनी गुडघा सोडवला. त्यांना सवय असावी. ‘तोंड बर्थकडे ठेवून उतरायचं असतं,’ ते म्हणाले. ‘डब्यात लिहीत नाहीत, कारण सगळ्यांना येतं.’

तर आजची परिस्थिती अशी आहे. पहिल्या काही रात्री मुलगी ऐटीत वर झोपली. मग एकदा वीज गेली, अंधारात तिला शिडी सापडेना, तेव्हापासून ती खाली उतरली ती उतरलीच. शिडीशी रात्रीचा छोटा दिवा लावून दिला, तरी नाही. आता दोघं आईच्या नऊ इंची कापसावर झोपतात, आणि लाथाळी पूर्ववत आहे. करार मोडल्याची धाकट्याची तक्रार नाही. वर जायची त्याचीही इच्छा गेली. वरच्या बेडवर पांघरुणं आहेत, बॅगा आहेत आणि लॉफ्टवरून हललेलं थर्माकोल आहे. घरी पाहुणे आले की मी असतो. चिठ्ठीतल्या 80 किलोंचा मान राखून बॅगा त्या दिवशी खाली काढल्या जातात.

ज्यांच्या घराचं छत दहा फुटांच्या वर आहे, मुलं सहा वर्षांच्या पुढची आहेत आणि खोलीच्या मधोमध पंखा नाही, त्यांनी जरूर बेड बघायला यावं. लाकूड खरंच शीशमचं आहे, बोल्ट सासऱ्यांनी आवळलेले आहेत, किमतीचं बसून बोलू. न्यायला चार माणसं आणि खोलायचे पाने मात्र तुमचे तुम्ही आणा. येताना टेपही आणा. आमची सासऱ्यांनी जप्त केली आहे.