धरणे कसे धरावे

नुकतेच निवृत्त झालेल्या, शहरात नव्याने राहायला आलेल्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर भांडून थकलेल्या बऱ्याच सज्जनांना हल्ली आपणही काही सामाजिक करावे असे वाटू लागले आहे. भावना स्तुत्य आहे. अडचण एवढीच, की या क्षेत्राचे विधी मुंजीपेक्षा कडक असून त्यांची छापील पोथी मिळत नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न. उदाहरणे बहुतेक पुण्याची आहेत, कारण पुण्यात निषेधाला निमित्त शोधावे लागत नाही, फक्त सभागृह मोकळे आहे का ते पाहावे लागते.

प्रथम वेळ. पत्रकावर ‘सायंकाळी 5 वाजता’ असे असेल तर साडेपाच समजावे. ‘ठीक 5 वाजता’ असेल तर पावणेसहा. ठीक पाचला चौकात दोनच माणसे असतात. एक, रेलिंगला बॅनर बांधणारा कार्यकर्ता आणि दुसरा, विशेष शाखेचा साध्या वेषातला पोलीस. दोघांची ओळख जुनी. सुतळीचे एक टोक बहुधा पोलिसानेच धरलेले असते.

“किती येतील?”

“दोनशे तरी.”

पोलीस वहीत चाळीस लिहितो. चाळीसच येतात. दुसऱ्या दिवशी संघटनेच्या प्रसिद्धिपत्रकात ‘शेकडो’ असते, वर्तमानपत्रात काहीच नसते.

साध्या वेषातला माणूस ओळखायचा कसा, असे नवखे लोक विचारतात. सोपे आहे. भाषण चालू असताना बाकीचे सगळे मोबाइलमध्ये असतात, तो एकटा शेवटपर्यंत ऐकतो. वक्त्यांची नावे आडनावांसकट, ऱ्हस्व-दीर्घ न चुकवता लिहून घेणाराही तोच. उद्या कोणाला या शहरातल्या चळवळींचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याने संघटनांची दप्तरे धुंडाळण्यापेक्षा या वह्यांसाठी माहिती अधिकारात अर्ज करावा.

आता कायदा. संविधानाच्या 19व्या अनुच्छेदाने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 ने तो जपून वापरायला सांगितला आहे. या कलमाखालचा जमावबंदीचा आदेश पंधरा दिवसांचा असतो आणि सणवार, निवडणुका, जयंत्या अशा कारणांनी पुन्हा पुन्हा निघत राहतो. पाच जण जमले की आदेशाचा भंग होतो. सुदैवाने पहिल्या पाऊण तासात तेवढे जमत नाहीत.

आदल्या दिवशी पोलिसांची नोटीस येते. जुने कार्यकर्ते तिला अजून ‘एकशेएकोणपन्नासची’ म्हणतात. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाल्यावर तिचा आकडा 168 झाला, मजकूर आणि आणून देणारा हवालदार तेच राहिले. नोटीस मिळताच तिचा फोटो गटावर टाकायचा असतो. ज्यांना नोटीस आली नाही त्यांना फार लागते. वीस वर्षे काम करूनही शासनाने दखल घेऊ नये, हा अन्याय वेगळ्या धरण्याचा विषय होऊ शकतो.

मुंबईकरांची सोय निराळी आहे. त्यांना आझाद मैदान नेमून दिले आहे. 2025 च्या ऑगस्टात मराठा आंदोलनाला तिथे परवानगी देताना 5 हजार माणसांची मर्यादा आणि सकाळी 9 ते सायंकाळी 6 ही वेळ घातलेली होती. म्हणजे अन्याय कचेरीच्या वेळेत सहन होत नसेल तर यावे, सहा वाजता तो दुसऱ्या दिवसापर्यंत स्थगित समजावा. आलेल्या लोकांनी ही मर्यादा कशी पाळली, ते सगळ्या दक्षिण मुंबईने पाहिले.

पुण्यात जागेवरून माणूस कळतो. गांजवे चौकातले एस. एम. जोशी सभागृह, कोथरूडचे गांधी भवन, सिंहगड रस्त्यावरचे साने गुरुजी स्मारक, फुले वाडा, स्टेशनजवळचा डॉ. आंबेडकरांचा पुतळा. या प्रत्येक ठिकाणी नमस्कार वेगळा. कुठे ‘साथी’, कुठे ‘कॉम्रेड’, कुठे ‘जय भीम’, कुठे ‘झिंदाबाद’. चुकले तर कोणी रागावत नाही. मात्र कॉम्रेडला साथी म्हटलेत तर तो 1977 पासून सांगायला सुरुवात करतो, आणि तुमची शेवटची बस जाते.

घोषणांबाबत एकच पथ्य. ‘अमर रहे’ आणि ‘झिंदाबाद’ यांत गल्लत करू नये. व्यासपीठावर बसलेल्या विद्यमान अध्यक्षांना ‘अमर रहे’ म्हटल्याने सभेचे वातावरण बिघडते. सरकारचे खाली डोके वर पाय करण्याची घोषणा मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारला चालते आणि गेली कित्येक दशके बिनतक्रार चालते आहे. पाठ करून ठेवावी.

भाषणांकडे वळू. ‘मी फक्त दोन मिनिटं घेणार आहे’ असे म्हणणाऱ्याला अठरा मिनिटे लागतात. ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे’ असे म्हणणारा ते सगळे पुन्हा सांगतो. सूत्रसंचालकाने चिठ्ठी पाठवली तर ती वक्ता वाचतो, घडी घालतो, खिशात ठेवतो आणि ‘आता मूळ मुद्द्याकडे येतो’ म्हणतो. श्रोत्याने अशा वेळी चिवडा खाऊ नये, पिशवीचा आवाज माइकवर येतो.

व्यासपीठाची मांडणी हा मात्र खरा गंभीर विषय आहे. 1972 साली महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी. तरी तेल आणि साखर दोघींच्याही घरात संपत असल्यामुळे एकत्र यायला वैचारिक शिबिर घ्यावे लागले नाही. लाटण्याने जो गलबला केला तो पुढच्या कित्येक परिसंवादांना जमला नाही. आज ‘स्त्रियांचा सार्वजनिक जीवनातील सहभाग’ या विषयावर बोलायला चार पुरुष बसवतात. ताईंकडे सूत्रसंचालन असते. चहाचे किती झाले, हेही ताईंनाच विचारतात. आयोजकांना हे दाखवून दिले की ते म्हणतात, “अहो, विचारलं होतं, त्यांना वेळ नव्हता.” वेळ नसणारच, पन्नास कप चहा सांगायचा होता.

रस्ता अडवावा का? नवशिक्यांना यात मोठेपणा वाटतो. त्यांनी 2018 चा मार्च आठवावा. नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत आलेले शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, मुंबईच्या सोमय्या मैदानावर पोचले होते. सकाळी दहावीच्या पोरांची परीक्षा. मुक्काम मोडून ते रातोरात पुन्हा चालू लागले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात येऊन बसले. पायांचे फोड सगळ्या देशाने पाहिले, पेपराला कोणाला उशीर झाला नाही. आपल्या चाळीस जणांनी संध्याकाळी साडेसहाला लकडी पुलावर उभे राहण्यापूर्वी मागे अडकलेल्या बसमध्ये घरकामाहून परतणाऱ्या बायका किती असतील, याचा अंदाज घ्यावा. बहुधा मोर्चा त्यांच्याच प्रश्नावर असतो.

एक जागा या मार्गदर्शनातून वगळतो. ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्यानंतर कार्यकर्ते महिन्याच्या 20 तारखेला तिथे जमत राहिले, वर्षानुवर्षे, ऊन-पाऊस बघितला नाही. 2024 च्या मेमध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे सुटले. तिथे उशिरा जाऊ नये आणि सेल्फी काढू नये, याहून जास्त काही सांगायचे नाही.

आता निवेदन. धरण्याचा सगळा खटाटोप याच्यासाठी असतो, आणि नेमके इथेच लोक घरी निघालेले असतात. शिष्टमंडळात पाच जणांना आत सोडतात. नऊ जण जातात. साहेब व्हीसीवर असतात. व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, तिला सुरुवात असते, शेवट नसतो. मग निवेदन दुय्यम अधिकारी घेतात. ते उभे राहून घेतात, कारण फोटोत सगळे यावे लागतात. निवेदनाचे एक टोक त्यांच्या हातात, दुसऱ्या टोकाला नऊ हात. फोटो नीट आला नाही तर कागद परत मागून पुन्हा द्यावा, अधिकाऱ्यांना सवय असते. “वरिष्ठांच्या कानावर घालतो,” असे ते म्हणतात. सगळे बाहेर येऊन ‘सकारात्मक चर्चा झाली’ असे सांगतात आणि अमृततुल्यात शिरतात. तिथे संघटनेत फूट पडते. फोटोत कोणाचा चेहरा कापला गेला, एवढेही कारण पुरते.

या गडबडीत एक बाई मागे राहिलेल्या असतात. त्यांचा फोटोत चेहरा नाही, भाषणात नाव नाही. त्या जिना उतरून आवक-जावक विभागात जातात. लाकडी टेबल, कडेला सुतळीने बांधलेले पेन, शाई वाळलेला पॅड. बाई निवेदनाची दुसरी प्रत पुढे सरकवतात. कारकून म्हणतो, “साहेबांना दिलंय ना? मग पोच कशाला?” बाई काही बोलत नाहीत, उभ्या राहतात. कारकून शिक्का पॅडवर दोनदा आपटतो, तारखेचे चाक कालच्यावरच असते ते आजवर आणतो, शिक्का उमटवतो, खाली आवक क्रमांक लिहितो आणि सही करतो. बाई तारीख वाचून पाहतात. मग प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आधीच्या सहा पोचांवर.

माझे स्पष्ट मत आहे, की त्या दिवसाचे आंदोलन एवढेच झाले. बाकी संध्याकाळ बरी गेली. पुढे माहितीच्या अधिकारातला अर्ज, अपील, जनहित याचिका, यांतले काहीही करायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो: कळवले कधी? त्याचे उत्तर घोषणेत नसते, गोल शिक्क्यात असते.

टेकडी फोडून रस्ता होणार, नदीकाठची झाडे जाणार, मैदानाचे आरक्षण उठणार, अशी बातमी आली की आपण आधी हातफलक रंगवतो. आरक्षण बदलायचे तर 1966 च्या नगररचना कायद्याखाली सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिकांच्या शेजारी छापलेली असते. तिची मुदत आपला रंग वाळेपर्यंत संपते. 2015 साली मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकतींचा असा पाऊस पडला, की सरकारला तो मसुदा मागे घेऊन दुरुस्त करायला सांगावे लागले. त्या वेळी लोकांनी मोर्चे काढलेच, पण आपापल्या गल्लीचा नकाशाही उघडून पाहिला. कोणाच्या राहत्या इमारतीवरून रस्ता गेलेला, कुठे देवळाची नोंदच नाही, हे घोषणा देऊन सापडत नाही.

तेव्हा इच्छुकांनी धरण्याला जरूर यावे. पाचचे असेल तर साडेपाचला या, पाण्याची बाटली आणा, चहाचे पैसे ताईंना आधी द्या. हरकत मात्र दोन प्रतींत लिहावी, खाली नाव-पत्ता-सही करावी आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. आवक-जावकची खिडकी जेवणाच्या सुटीत बंद असते, तेवढे सांभाळून जा.