कल्पक वस्तू : लक्षणे, प्रकार व निगा

ज्या घरगुती वस्तूचा उपयोग पाहुण्यांना समजावून सांगावा लागतो, ती कल्पक वस्तू होय. पळी, किसणी, झाडू या व्याख्येत बसत नाहीत. त्या बघताक्षणी कळतात आणि म्हणूनच त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. कल्पक वस्तूच्या मालकाला मात्र बोलावेच लागते. ‘ओळखा पाहू, हे काय असेल?’ इथून तो सुरुवात करतो आणि पाहुण्याला ते ओळखता येऊ नये अशी मनोमन प्रार्थना करतो. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो. आपल्याला वस्तूंची नजर आहे, असे त्याचे ठाम मत आहे. घरात या ठरावाला अद्याप अनुमोदक मिळालेला नाही.

या वस्तूंमधला सर्वांत कुलीन प्रकार नुसत्या मांडून ठेवण्याच्या वस्तूंचा. त्यांचा मुकुटमणी म्हणजे ‘ज्यूसी सलिफ’. फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरने इटलीच्या अलेस्सी कंपनीसाठी केलेले हे लिंबू पिळायचे साधन १९९० साली बाजारात आले. इटलीतल्या एका बेटावर सुट्टीत जेवताना स्टार्कला ते सुचले आणि उपाहारगृहातल्याच कागदावर त्याने त्याची चित्रे काढली, असे सांगतात. ओतीव ॲल्युमिनियम, उंची साधारण २९ सेंटिमीटर, तीन लांबसडक पाय आणि वर खाचा पाडलेले टोकदार डोके. अर्धे लिंबू डोक्यावर दाबून फिरवायचे. रस खाचांतून ओघळत खालच्या पेल्यात पडतो. गाळणी नाही, त्यामुळे बियाही पडतात. पुढे याची सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्तीही निघाली. तिच्यावर लिंबू पिळू नये, अशी सूचना होती, कारण आंबट रसाने मुलामा खराब होतो. दैनंदिन वस्तू वापरायला सोप्या असाव्यात म्हणून १९८८ साली आख्खे पुस्तक लिहिणाऱ्या डोनाल्ड नॉर्मन यांनी ही सोनेरी प्रत विकत घेतली आणि घराच्या दर्शनी भागात मांडली. हे वाचल्यापासून प्रस्तुत लेखकाचा स्वतःविषयीचा आदर दुणावला आहे.

इथे लिंबाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. आपल्याकडचे कागदी लिंबू हे मुळात लहान चणीचे, पातळ सालीचे आणि हट्टी. सलिफच्या डोक्यावर ते पिळले जाण्याआधी सुळी जाईल. त्याच्यासाठी इथे जी पद्धत रूढ झाली तिला उपकरण लागत नाही: उजव्या हातात फोड, खाली डाव्या हाताचा ओंजळवजा तळवा, रस बोटांच्या फटींतून भातावर आणि बिया तळव्यात. पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला मिठाशेजारी येणारी फोड तर एवढीशी असते, की ती पिळणे हे कसबच. अननुभवी माणसाने पिळली तर निम्मा रस शेजाऱ्याच्या डोळ्यात जातो आणि तो वरण-भात सोडून डोळे चोळत बसतो. मुरलेला जेवणारा फोड आडवी धरतो, दुसऱ्या हाताचा आडोसा करतो आणि वरणावर नेमके तीन थेंब पाडतो. उरलेली साल मिठाला लावून चोखणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे, पण तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा. मुद्दा इतकाच, की या पद्धतीला गेल्या कित्येक पिढ्यांत कोणीही सोन्याचा मुलामा दिलेला नाही.

दुसरा प्रकार फोनला जोडायच्या वस्तूंचा. अमेरिकेतले ‘ज्यूसेरो’ हे रसयंत्र २०१६ साली ६९९ डॉलरला विक्रीस आले. त्यात फळे घालायची नव्हती. कंपनीकडूनच कापलेल्या फळाभाज्यांच्या पिशव्या घ्यायच्या, यंत्राने पिशवीवरचा कोड वाचायचा, इंटरनेटवरून खात्री करायची आणि मगच दाबायचे. एप्रिल २०१७ मध्ये ‘ब्लूमबर्ग’च्या पत्रकारांनी त्या पिशव्या नुसत्या हातांनी पिळून दाखवल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी बंद पडली. जपानमधल्या केंजी कावाकामी यांनी ‘चिंदोगु’ नावाने निरुपयोगी युक्त्यांचे जे शास्त्र रचले, त्यात अशी वस्तू विकता कामा नये असा नियमच आहे. बाजाराला तो नियम लागू नाही.

तिसरा प्रकार कामाचा भास निर्माण करणाऱ्या वस्तूंचा. उदाहरणार्थ, दोरी ओढून कांदा चिरायचे यंत्र. प्लॅस्टिकचे भांडे, आत वेगवेगळ्या उंचीवर तीन पाती, झाकणात स्प्रिंगला गुंडाळलेली दोरी. दोरी ओढायला सर्वांना आवडते. प्रस्तुत लेखक पाहुण्यांसमोर ती विशेष झोकात ओढतो. कांदा क्षणात बारीक होतो, थोडा जास्तच. मग भांडे मोरीत जाते. पात्यांच्या बुडाशी कोथिंबिरीचा चोथा अडकतो; तिथे बोट गेले तर कापते आणि घासणी पोचत नाही. झाकण पाण्यात बुडवले तर स्प्रिंग गंजते, न बुडवले तर वास येतो. घरकाम करणाऱ्या मावशींनी ते एकदाच उलटसुलट पाहिले आणि ओट्यावर ठेवून दिले. ‘दादा, हे तुमचं तुम्ही घासा. मला विळी द्या.’

या वस्तूंच्या खोक्यावर एक हसरी बाई छापलेली असते. तिचे हात कोरडे असतात, नखे रंगवलेली असतात आणि मागे मोरी दिसत नाही. प्रत्यक्ष स्वयंपाकघरात हात कोरडे असण्याचे क्षण फार थोडे. तरीही शेगडीला स्पर्शाची बटणे बसवली जातात, जी ओल्या किंवा पिठाच्या बोटांना दाद देत नाहीत. दूध उतू जाते आणि बाई पदराला हात पुसत राहते. हे बटण ठरवताना तिला कोणी विचारले होते का, याची नोंद माहितीपत्रकात नसते.

विचारल्याचे एक उदाहरण मात्र आहे. तोशिबाचा विजेवर चालणारा भाताचा कुकर १९५५ साली जपानमध्ये आला. तो सिद्ध करणारे छोटे कारखानदार योशितादा मिनामी, आणि भात शिजवून शिजवून तो पारखणाऱ्या त्यांच्या पत्नी फुमिको. युक्ती साधी होती. बाहेरच्या भांड्यातले पाणी सुमारे वीस मिनिटांत आटले की तापमान १०० अंशांपुढे चढते, दोन धातूंची पट्टी वाकते आणि वीज तुटते. पण कडक थंडीत काय होते, उन्हात काय होते, हे कागदावर कळत नव्हते. फुमिको दिवसचे दिवस भात लावत आणि नोंदी करत राहिल्या. आपल्याकडेही डावाच्या दांड्याला कापड गुंडाळणाऱ्या, मिक्सरच्या झाकणाला रबर लावणाऱ्या असंख्य बायकांनी असलीच कामे केली. त्यांच्या नावाने कोणतेही पेटंट नाही, आणि प्रस्तुत लेखकाने पाहुण्यांना ते रबर कधी दाखवलेले नाही.

भारतात अशा नजरेची शिफारस बाहेरून आलेल्या जोडप्याने केली. अमेरिकी डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारतातल्या डिझाइनविषयीच्या १९५८ च्या आपल्या अहवालात साध्या तांब्याची मनापासून स्तुती केली. या अहवालातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तांब्या कोणा एकाने घडवलेला नाही, हे त्यांनी ओळखले आणि असा तांब्या करायचा तर काय काय ध्यानात घ्यावे लागेल, याची यादीच दिली: पाणी किती न्यायचे, डोक्यावर, कमरेवर की हातात, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा, धार कशी पडते, आतून घासता कसा येतो आणि शेवटी मोडीत किती किंमत येते.

निगेच्या प्रकरणात हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. पितळेचा तांब्या फुटला तरी मोडीत वजनावर जातो आणि त्या पैशांत भर घालून नवा येतो. कल्पक वस्तू आधी ओट्यावरून फडताळात, तिथून माळ्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत खाली येते. तिचे प्लॅस्टिक, धातू आणि गोंद एकमेकांपासून सुटत नाहीत. भंगारवाला ती हातात तोलतो, वायर असेल तर कापून घेतो आणि बाकीचे परत करतो.