पान का सडलं?

माझ्या भाच्याचं हिवरखेडला कृषी सेवा केंद्र आहे. 2010 साली, लग्नाचं जमत आलं होतं तेव्हा, त्यानं हौसेनं दुकानाची वेबसाइट काढली. दर वाणाला एक पान, फवारणीच्या दर औषधाला एक पान. लग्न झालं, पुढं पानांकडं क्वचितच कुणाचं लक्ष गेलं. यंदा त्यानं मला, घरातला रिकामा माणूस म्हणून, कॉम्प्युटरपुढं बसवलं. "मामा, जुनंजुनं काढून टाका न. तुमाले वाचाची आवड हाये."

दिवाळीत माळा आवरायला चढलेला माणूस जुन्या पेपरात हरवतो, तसा मी त्या पानांत हरवलो. एंडोसल्फान तिथं अजून 'उपलब्ध' होतं. सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली त्यावर आणलेल्या बंदीची खबर त्या पानाला कुणी दिलीच नव्हती. बीटी कपाशीचं पाकीट 730 रुपयांना होतं, म्हणजे 2019 च्या सरकारी दरानं. 2025 मध्ये तो दर 901 वर गेला, पण पानावर काळ थांबलेला, बंद घड्याळासारखा शांत. एका शेतकऱ्यानं मोबाइल पुढं धरून भाच्याशी रीतसर भांडण काढलं होतं: "तुयाच दुकानाचं लिहेल हाये न बाप्पा, मंग आता काऊन फिरतं?"

पान काढायचे प्रकार असतात, हे मला भाच्याच्या पोरीनं शिकवलं. नुसतं पुसलं तर येणाऱ्याला 404 दिसतो, म्हणजे सापडत नाही. 410 म्हणजे होतं, गेलं, परत येणार नाही. 301 म्हणजे बिऱ्हाड कायमचं हललं, या नव्या पत्त्यावर जा. यंत्रानं विरहाचे इतके बारकावे जपावेत याचं मला नवल वाटलं. आपल्याकडे 404 च जास्त चालतो. उधारीवाला दारात आला की पोरगं सांगतं, बाबा घरी नाहीत. 410 लिहायला मात्र हात धजेना. आपण दिवा विझवत नाही, शांत करतो. दुकानसुद्धा बंद करत नाही, वाढवतो. अशा भाषेत वाढलेल्या माणसानं 'गेलं' हा शब्द आकड्यात तरी कसा लिहावा?

लहानपणी आजी कोडं घालायची: घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात पानमळे. त्यामुळे हे कोडं आम्हाला कधी पुस्तकी वाटलं नाही. बाजारातली पानवाली म्हातारी टोपलीतली पानं एकेक उलटायची, डाग पडलेलं वेगळं काढायची, उरलेली पुन्हा ओल्या फडक्याखाली निजवायची. कुठल्या पानाला किती दिवस उरले, हे तिच्या बोटांना कळे. आमच्या भागातली आगगाडीही अशीच फिरवली आहे. मेळघाटातून खांडव्याला जाणारी मीटरगेज 2017 च्या आरंभी थांबली. नवा मार्ग वाघांना वळसा घालून, हिवरखेड-सोनाळ्यावरून न्यायचं ठरलं. म्हणजे 301 च तो. तूर्तास गाडी अकोल्याहून अकोटपर्यंत येते.

मीही बसलो पानं फिरवत. एंडोसल्फानला 410, तिथं दुःख नव्हतं. जुन्या दरांची पानं नव्या दरांकडे वळवली. 'एकेए 7' या पानापाशी मात्र चहा दोनदा निवला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा हा देशी कपाशीचा वाण. धागा आखूड, पण कोरडवाहूत तग धरणारा. संकरित बियाणं दरसाल विकत आणावं लागतं. हा पडला सरळ वाण, याची सरकी पुढच्या पेऱ्यासाठी घरच्या कोठीत ठेवता येते. आजी अशीच सरकी गाडग्यात घालून, वर फडकं बांधून ठेवायची. त्या गाडग्यावर बसून मार खाल्ल्याचंही मला चांगलं आठवतं. गेल्या वर्षभरात त्या पानावर अकरा जण येऊन गेले होते. त्यातले दोन-तीन बहुधा मीच.

"हे पण काढा मामा, आपल्याकडं नाही भेटत ते आता," भाचा म्हणाला.

काढलं नाही. दुकान वाढवायची वेळ झाली होती, शटर अर्धं खाली आलं होतं, तेवढ्यात पानाच्या डोक्यावर दोन ओळी टाकल्या: हा वाण सध्या आमच्याकडे नाही. तुमच्या कोठीत घरची सरकी असेल, तर दुकानात येऊन सांगा.