दोष आढळला नाही

नव्या ट्रकच्या कंपनीचे जाहीर आभार. बीएस-६ गाडीला डिझेलच्या जोडीला ३२.५ टक्के युरियाचं पाणी लागतं. त्याचा सेन्सर रुसला की डॅशबोर्डवर दिवा पेटतो आणि इंजिन ताकद आवरती घेतं. आमचा दिवा फक्त कसारा घाटात पेटतो. वर्कशॉपच्या दारात विझतो. अकरा जॉबकार्डं झाली, प्रत्येकावर शेरा एकच: ‘दोष आढळला नाही.’ एवढी एकवाक्यता आमच्या भावकीतही नाही. तेव्हा घाटच दुरुस्तीला घ्यावा, असा नम्र अर्ज केला. उत्तर तत्पर आलं: घाट वॉरंटीत बसत नाही. बाराव्या खेपेला मात्र मेकॅनिकने दोष मुळासकट काढला. दिवा आता पेटतच नाही. गाडी घाटात पूर्वीसारखीच रांगते. बँकेचा हप्ता पाच तारखेला जातो.